लढाई थोडी, चाकरी मोठी

कोल्हापुरात आमच्या शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला शेवरोलेटचा एक लष्करी ट्रक आहे. मागे क्रेनचा लोखंडी बूम, पुढे पर्किन्सचं डिझेल इंजिन आणि पिवळ्या रंगाखाली आधीच्या रंगांचे थर. जुन्या गाड्यांचे शौकीन तो बघायला येतात आणि बहुतेकांचा सल्ला एकच असतो: बूम कापून टाका, मूळ पेट्रोल इंजिन शोधून बसवा, गाडी युद्धात होती तशी करा. मला हे अजिबात पटत नाही. या ट्रकने लष्करात फार तर तीन-चार वर्षं काढली. त्यानंतर कित्येक दशकं त्याने लाकूड वाहिलं, गूळ वाहिला, घाटात कोसळलेल्या गाड्या वर ओढल्या. युद्धाची तेवढी वर्षं जपायची आणि कष्टाची सगळी खरवडून काढायची, हा इतिहास जपण्याचा प्रकार नव्हे.

हा ट्रक कॅनडाच्या लष्करी नमुन्याचा, म्हणजे ‘सीएमपी’. युद्धात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी गाड्या बनवल्या. ओशावामध्ये जनरल मोटर्स आणि विंडसरमध्ये फोर्ड, अशा एरवीच्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी सरकारच्या एकाच नमुन्यावर काम केलं. त्यामुळे शेवरोलेट आणि फोर्ड यांच्या केबिन सारख्याच दिसतात. फरक मुख्यतः इंजिनात. शेवरोलेटला सहा सिलिंडरचं सरळ इंजिन, ८५ अश्वशक्तीचं. फोर्डला व्ही-८, ९५ अश्वशक्तीचं. जहाजात जागा कमी लागावी म्हणून नाक आखूड केलं आणि इंजिन जवळजवळ केबिनमध्येच घेतलं. मे महिन्यात अर्धा तास गाडी चालवली की ड्रायव्हरचा डावा पाय भाजून निघतो. पुढची काच उलटी कललेली, वरची कड पुढे आणि खालची मागे, ती विमानातून चमक दिसू नये म्हणून.

मुंबईत जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता, फोर्डचाही होता. युद्धकाळात जहाजांनी पेट्यांमधून आलेले सुटे भाग जोडून लष्करी गाड्या तयार करण्याचं काम मुंबईने केलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे माल पोचवायला ट्रक लागत होते, आणि त्याच वेळी मुलकी वाहतुकीचे हाल चालले होते. पेट्रोलवर रेशन, टायर मिळायचे नाहीत, कित्येक बसगाड्यांच्या मागे कोळशाचा गॅस करणारी भट्टी बसवलेली. पाच-सहा वर्षं नवी गाडी जवळजवळ कुणाला मिळालीच नाही.

म्हणून १९४५ नंतर ‘डिस्पोजल’ची गाडी हा वाहतूकदारांच्या तोंडी रोजचा शब्द झाला. लष्कराला नको झालेला माल सरकारच्या डिस्पोजल खात्यामार्फत विकला जाऊ लागला. अमेरिकेने इथे सोडलेल्या मालाबद्दल १९४६ मध्ये भारत सरकारशी करार झाला आणि तोही साठा विक्रीत आला. जीप, डॉज, जीएमसी, फोर्ड, शेवरोलेट. विकत घेणाऱ्यांत संस्थानिक नव्हते, छोटे ठेकेदार होते. बायकोचे दागिने गहाण टाकून एक गाडी घेणारे लोक होते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस सुटली, तिची नोंद सगळीकडे आहे, आणि असायलाच हवी. पण जंगलातून, खाणीतून, धरणाच्या कामावरून जिथे रस्ताच नव्हता तिथे माल कुणी काढला, ते विचारलं तर उत्तर या लष्करी गाड्यांपाशी येतं. चारही चाकांना ताकद देणारी मालवाहू गाडी त्या काळी बाजारात दुसरी नव्हतीच.

आमच्या आबांनी हा ट्रक १९६४ मध्ये एका लाकूड ठेकेदाराकडून घेतला. तोवर सुट्या भागांची मोठी अडचण झाली होती. ज्यांना इथे पूर्ण उत्पादन करायचं नाही अशा कंपन्यांना सरकारने १९५३ मध्ये दार बंद केलं, आणि जनरल मोटर्स व फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनू लागली. ज्यांना परवडलं त्यांनी ती घेतली. ज्यांना परवडलं नाही त्यांनी जुन्या गाडीचं इंजिन बदललं. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त, आणि मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची इंजिनं इथेच बनवू लागली होती. पर्किन्स पी-६ हे सहा सिलिंडरचं इंजिन देशभर कितीतरी जुन्या पेट्रोल ट्रकांच्या पोटात गेलं.

ऐकायला सोपं वाटतं, पण एक इंजिन काढून दुसरं बसवणं म्हणजे चार बोल्टांचं काम नाही. पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर ब्रेकचा व्हॅक्यूम बूस्टर चालतो. डिझेलला तशी ओढ नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. सहा व्होल्टच्या वायरिंगवर डिझेलचा स्टार्टर फिरत नाही, म्हणून वायरिंग बदलायची. इंजिन वजनाला जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगला पाटा वाढवायचा. डिझेलचे फेरे कमी, म्हणून गाडीचा वेग घटतो. क्रेनला वेगाची गरज नाही, हे आबांच्या पथ्यावर पडलं.

सगळ्यात अवघड गोष्ट इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध आहे: पाऊण इंच जाडीची एक पोलादी प्लेट. एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडणारी ही प्लेट शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी केली. क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवला की ती उघडी पडते. तिच्यावर कंपासने ओढलेल्या वर्तुळाचे चरे अजून स्पष्ट आहेत. प्रत्येक भोकाच्या कडेला सेंटर पंचाची खूण आहे. एका भोकाशेजारी आधी पाडलेलं, मग वेल्डिंगने बुजवून कानशीने सपाट केलेलं दुसरं भोक आहे. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यायला हवेत. केसभर फरक राहिला तरी क्लच थरथरतो आणि पायलट बेअरिंग खाल्लं जातं. मेस्त्रींनी फ्लायव्हीलवर डायल गेज बांधून, इंजिन हाताने फिरवत, काटा हलायचा थांबेपर्यंत प्लेट सरकवली आणि मगच डॉवेल पिना ठोकल्या. ड्रॉइंग नव्हतं, कागदच नव्हता. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथल्या कारागिराला हे अशक्य वाटलं नसावं. मूळ इंजिन बसवण्यासाठी ती प्लेट फेकून द्यायची असं कुणी म्हणतं, तेव्हा मला मनापासून राग येतो.

या गाडीची काळजी घेणं म्हणजे मुख्यतः तिच्या सवयी सांभाळणं. डिझेल संपू द्यायचं नाही, नाहीतर पंपापासून इंजेक्टरपर्यंत एअर काढत बसावं लागतं. पावसाळ्याआधी क्रेनच्या वायररोपला तेल, सगळ्या निपलांना ग्रीस. ब्रेकचे रबरी कप फुगले की गाडी एका बाजूला ओढते, म्हणून गाडी उभी असली तरी ते तपासायचे. गिअर बदलताना डबल क्लच, प्रत्येक वेळी.

आणि चाकं. सीएमपीचं चाक दोन भागांचं असतं; बोल्टांच्या एका गोलाने दोन भाग एकमेकांना धरलेले, दुसऱ्या गोलाने चाक हबला धरलेलं. टायरमध्ये हवा असताना चुकीचे नट ढिले केले तर रिम फाटून उडते आणि समोरचा माणूस जागीच जाऊ शकतो. आमच्या चाकांवर ते नट लाल रंगवलेले आहेत. आबा पंक्चर काढणाऱ्या प्रत्येक पोराला आधी समोर उभा करायचे आणि सांगायचे, “हवा काढल्याबिगर तांबड्याला हात लावायचा न्हाई. वॉल्व्हच काढून माझ्या हातात दे, मग पाना उचल.” वॉल्व्ह हातात आल्याशिवाय ते पुढे सरकू द्यायचे नाहीत. आजही आमच्याकडे तसंच चालतं.

याच बूमने आंबा घाटात, गगनबावड्याच्या उतारावर, रात्री-अपरात्री, धुक्यात, मालट्रक वर काढले. पुष्कळांनी टायर आणि इंधन वाचवायला पुढचा ड्राइव्ह काढून टाकला. आबांनी ठेवला, कारण चिखलात उभं राहून दुसऱ्याचा भार खेचायचा तर चारही चाकं लागतात.

आता कायद्याकडे येतो. ऑलिव्ह हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, त्यामुळे रस्त्यावर ‘युद्धातला’ रंग मिरवण्याचा हट्ट तसाही चालत नाही. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय झाली, ती स्वागतार्हच. पण व्याख्येत दुचाकी आहेत आणि प्रवासी मोटारी आहेत, मालट्रक नाहीत. राजेरजवाड्यांची मोटार वारसा ठरते आणि जिने देशाचं ओझं वाहिलं ती गाडी भंगार ठरते. रणगाड्यांसाठी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून संग्रहालय आहे. कामकरी ट्रकांनाही व्याख्येत एक ओळ हवी, एवढीच माझी मागणी आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांना एक विनंती. मूळ रूपाच्या मागे लागण्याआधी तिच्यात कुणी काय बदललं ते लिहून काढा. प्लेट, पाटा, पंप, बूम, प्रत्येक बदलाचा फोटो काढा, माप घ्या, ज्या मेस्त्रींनी काम केलं त्यांच्या घरी जाऊन विचारा. त्यांच्यातले बरेच गेले, जे आहेत ते थकलेत. मी आमच्या ट्रकची अशी वही सुरू केली आहे आणि पहिल्या पानावर त्या प्लेटचं मापासहित चित्र काढलं आहे. कॅनडातल्या कारखान्याने हा ट्रक एकदा बनवला. इथल्या माणसांनी तो पुन्हा पुन्हा बनवला, आणि तो आज चालतो आहे तो त्यांच्यामुळे.