पांजरपोळ, सांथ आणि हिशेब

भूतदयेनें काढलेल्या संस्थांविषयीं लिहूं लागलें म्हणजे लेखणी जरा अडखळते. देणाऱ्याचा हेतु शुद्ध असतो, घेणारा मुका असतो, आणि मध्यें जो कारभारी उभा असतो त्यास दोष देणें म्हणजे धर्मकार्यांत विघ्न आणणें, असा समज आपल्याकडे दृढ आहे. त्यामुळें पांजरपोळांचा इतिहास बहुधा दात्यांच्या नांवांपुरताच सांगितला जातो. जनावरें किती आलीं, कोणत्या रोगानें मेलीं, आणि एखाद्या सांथींत सारा गोठा रिकामा झाला तर त्याचा जाब कोणास विचारावयाचा, हा भाग त्यांत सहसा येत नाहीं. आमच्या मतें पांजरपोळाच्या इतिहासाचा गाभा तोच होय.

ही संस्था मूळची गुजराथची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खंबायतेस आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्यानें शेळ्यामेंढ्या, कुत्रींमांजरें व पक्षी यांच्यासाठीं तेथें चाललेल्या इस्पितळांविषयीं लिहून ठेविलें आहे. तीं जनावरें म्हातारीं किंवा लंगडीं झालीं म्हणजे मरेपर्यंत तेथें पोसलीं जात. १६२३ त पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशानें त्याच शहरीं पक्ष्यांचें इस्पितळ पाहिलें. सुरतेच्या अशाच संस्थेविषयीं अठराव्या शतकांतील एका इंग्रजी वर्णनांत एक कासव आढळतें. तें तेथें पाऊणशें वर्षें असल्याची ख्याति होती. बाकीचीं हजारों जनावरें आलीं आणि गेलीं. वास्तव्याची मुदत तेवढी त्या एका कासवाची टिकून राहिली! फिचच्या लिहिण्यांतील ‘मरेपर्यंत’ हा भाग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पाश्चात्य प्रवासी या जागांस इस्पितळ म्हणत खरे, पण बरें करून परत पाठविण्याचें वचन या संस्थेनें कधीं दिलेंच नव्हतें. मरण येईपर्यंत चारा, पाणी आणि सुरीपासून अभय, एवढेंच तिचें वचन. जाब विचारावयाचा तो महाजनानें, कारण मालावरील लाग्याच्या रूपानें पैसा त्याचाच. आणि महाजन विचारी तो पैशाचा.

मुंबईचा पांजरपोळ मात्र रोगाच्या भयांतूनच जन्मास आला. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीनें मुंबई सरकारनें १८१३ पासून वर्षांतील ठराविक मुदतींत मोकाट कुत्रीं मारविण्याचा परिपाठ ठेविला होता. १८३२ सालीं उन्हाळ्याची ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यांत आली. कुत्र्यामागें आठ आणे मिळत. इनाम असें डोईगणिक ठेविलें म्हणजे काय होतें हें सांगावयास नको. पिसाळलेलें कुत्रें हुडकून काढणें धोक्याचें. ओट्यावर निजलेलें निरुपद्रवी कुत्रें मारणें सोपें, आणि आठ आणे दोहोंस सारखेच. पारशी समाजांत तर कुत्र्यास अंत्यविधींतही स्थान आहे. ६ जून १८३२ रोजीं कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद झाला, आणि कुलाब्याच्या लष्कराची रसदसुद्धां अडली. पारशांबरोबर हिंदु व जैन व्यापारीही त्यांत होते. सरकारनें बळानें दंगा मोडला, पण पुढें शहरांतील वजनदार सावकारांच्या विनंतीवरून कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेण्याची तोड निघाली. १८३४ च्या आक्टोबरांत जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद (लोकांच्या तोंडीं मोतीशा) या दोघां धनिकांच्या पुढाकारानें भुलेश्वराच्या बाजूस पांजरपोळ स्थापन झाला.

या तडजोडीकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. सरकारास कुत्रीं रस्त्यावरून नाहींशीं व्हावयास हवीं होतीं; सावकारांस तीं जिवंत राहावयास हवीं होतीं. दोघांचेंही समाधान झालें. परंतु मूळ प्रश्न होता तो रोगाचा, आणि तो कोणाच्या पदरांत पडला? शहराच्या आरोग्याचें एक काम सरकारच्या अंगावरून उतरून खाजगी धर्मादायाच्या अंगावर गेलें, आणि तें जातांना त्याबरोबर जबाबदारीचा एकही कागद गेला नाहीं. कुत्रें पांजरपोळाच्या दारांतून आंत गेलें कीं सरकारच्या दृष्टीनें तें संपलें, आणि दात्याच्या दृष्टीनें तें वांचलें. आंत त्याचें पुढें काय झालें हें पाहणें कोणाचेंच कर्तव्य उरलें नाहीं.

कुत्र्यांमागून गुरें आलीं, आणि गुरांबरोबर बुळकांडी. या रोगाची दहशत आजच्या पिढीस ठाऊक नाहीं. ताप, तोंडांत फोड, डोळ्यांनाकांतून स्राव, मग दुर्गंधी हगवण. आठवड्याभरांत जनावर आडवें व्हावयाचें, आणि एकाचें झालें कीं गोठ्यांतील सर्वांचें. इंग्लंडांत १८६५ त ही सांथ शिरली तेव्हां लाखों गुरें मेलीं, आणि पुढल्या वर्षीं कायदा करून रोगट गुरांची सक्तीनें कत्तल करण्यांत आली, तेव्हां कोठें ती हटली. हिंदुस्थानसरकारनें १८६९ त नेमलेल्या व १८७१ त अहवाल सादर करणाऱ्या गुरांच्या सांथींविषयींच्या कमिशनाचे मुख्य हॅलन हे मुंबई इलाख्यांतीलच पशुवैद्य. कत्तलीचा इंग्रजी उपाय या देशांत धर्मभावनेमुळें चालणार नाहीं, तेव्हां रोगी जनावर निरोग्यांपासून वेगळें काढणें हाच मार्ग, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

आतां पांजरपोळाची घडण या मार्गाच्या नेमकी उलट आहे. गांवोगांवचीं थकलेलीं, उपाशी, जखमी जनावरें एका आवारांत आणावयाचीं, कोणासही परत पाठवावयाचें नाहीं, आणि एकाच टाकीचें पाणी पाजावयाचें, ही त्याची रीत. रोगास याहून सोयीची जागा कोणी मुद्दाम बांधूं म्हटलें तरी बांधतां आली नसती. जनावराच्या अंगीं बुळकांडी भिनल्यापासून ती दिसूं लागेपर्यंत कांहीं दिवस जातात. त्या दिवसांत आलेलें नवें जनावर वरवर केवळ अशक्त दिसतें. निदान पंधरा दिवस त्यास निराळें बांधण्याची जागा नसेल तर दयाळू दरवानच सांथीस आंत घेतो. येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८८९ सालीं सरकारनें पशुरोगांच्या संशोधनासाठीं पुण्यास प्रयोगशाळा काढली. परंतु असे घातक जंतु वस्तीजवळ ठेवणें बरें नव्हे म्हणून १८९३ त ती हिमालयांत मुक्तेश्वरच्या एकांतांत नेली. रोगाचा अभ्यास करणाऱ्यांनीं अरण्य गांठलें, आणि रोग्यांस पोसणारे शहराच्या भरवस्तींत राहिले.

याच सुमारास परळ येथें सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगींतून बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ निघालें, आणि १८८६ त त्याच्या आश्रयानें पशुवैद्यकाचें विद्यालय सुरू झालें. एकाच शहरांत दोन निरनिराळीं तत्त्वें अशीं शेजारीं येऊन बसलीं. इस्पितळाचें तत्त्व असें कीं, जनावर आलें त्याची तपासणी व्हावी, उपचार व्हावा, आणि तें बरें होऊन जावें किंवा असाध्य ठरून त्याचा शेवट व्हावा. दोहोंचाही दाखला पाहिजे. पांजरपोळाचें तत्त्व असें कीं, जनावर आलें तें राहावें. गंमत अशी कीं कायद्यानेंही हा भेद जसाच्या तसा पत्करला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यांत मॅजिस्ट्रेटनें इस्पितळांत धाडलेलें जनावर पशुवैद्याच्या दाखल्यावांचून सोडतां येत नाहीं. मात्र त्यास पांजरपोळांत धाडण्याचा हुकूम झाला कीं ही अट सुटते. जेथें दाखल्याची निकड अधिक, तेथेंच त्याची सूट.

पांजरपोळाच्या कारभाऱ्यांची बाजू दुबळी आहे असें मात्र कोणी समजूं नये. त्यांचें म्हणणें असें कीं, जगानें टाकलेलें तेवढें आमच्याकडे येतें. शेतकरी धडधाकट बैल आणून सोडीत नाहीं. तेव्हां आमच्याकडील मरणाचें प्रमाण मोठें दिसणारच. रस्त्यावर मेलें असतें तर कोणी मोजलें नसतें, आमच्या आवारांत मेलें म्हणून आम्हीं अपराधी! यांत तथ्य आहे. सरकारी डॉक्टरांविषयीं त्यांस वाटणारी भीतीही अकारण नव्हती. १८९७ च्या प्लेगांत पुण्यामुंबईच्या लोकांनीं तपासणी व विलगीकरण यांचा जो अनुभव घेतला तो ताजा असतां, गोठ्यांत शिरणारा अधिकारी सुरी घेऊनच येणार असें भाविकांस वाटलें तर नवल काय? परंतु याच युक्तिवादांत त्याचें उत्तरही आहे. जनावर मरणोन्मुख आलें कीं येथें येऊन मरणोन्मुख झालें, याचा निर्णय एकाच कागदावरून होऊं शकतो: तें आलें त्या दिवशींची त्याच्या प्रकृतीची नोंद. ती नसली म्हणजे आरोप करणाऱ्यास आरोप शाबीत करतां येत नाहीं, आणि प्रामाणिक कारभाऱ्यासही आपलें निर्दोषत्व दाखवितां येत नाहीं. अशा संस्थांवरील वाद पिढ्यान् पिढ्या निकालाविना चालतात, त्याचें कारण माणसांच्या दुष्टपणापेक्षां या कोऱ्या रकान्यांत अधिक आहे असें आम्हांस वाटतें.

विश्वस्तांस जाब विचारणारे कायदे झाले नाहींत असें नाहीं. १९०८ च्या दिवाणी संहितेच्या ९२ व्या कलमानें सार्वजनिक धर्मादायाच्या कारभाराविरुद्ध दाद मागतां येऊं लागली. मुंबई इलाख्यांत १९३५ त विश्वस्तसंस्थांच्या नोंदणीचा आणि १९५० त अधिक व्यापक असा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा कायदा झाला. हिशेबतपासनीस आले, धर्मादाय आयुक्त आले. पण हे सारे रुपयांचे पहारेकरी. गवताची खरेदी चढ्या भावानें झाली तर पकडली जाईल. तें गवत खाणारीं गुरें मेलीं तर ताळेबंदांत खर्च कमी झालेला दिसेल!

मरणाचा प्रश्न उघडपणें मांडण्याचें धैर्य गांधीजींनीं दाखविलें. १९२६ त अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनीं गिरणीच्या आवारांतील साठ मोकाट कुत्रीं मारविलीं, तेव्हां गांधीजींनीं त्यांचा पक्ष घेतला. मालक नसलेलें कुत्रें हें समाजाच्या बेजबाबदारपणाचें चिन्ह आहे, आणि त्यास तुकडा टाकून निघून जाणें ही दया नव्हे, असें त्यांनीं एकामागून एक लेखांत प्रतिपादिलें. १९२८ त साबरमतीच्या आश्रमांत असह्य वेदनांनीं तळमळणाऱ्या वासरास त्यांनीं डॉक्टरकडून टोचून मरण देवविलें. दोन्ही वेळीं त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. त्यांचा निर्णय कोणास पटो वा न पटो. हें मीं केलें आणि याचें उत्तर मी देईन, असें म्हणणारा एक माणूस तेथें होता.

बुळकांडी पुढें खरोखरीच गेली. १९२७ त मुक्तेश्वर येथें एडवर्ड्स यांनीं शेळीच्या द्वारें लस सिद्ध केली. १९५४ त देशभर टोचणीची मोहीम निघाली. १९९५ नंतर या देशांत तो रोग आढळला नाहीं. २००६ त देश आणि २०११ त सारें जग बुळकांडीमुक्त जाहीर झालें. शेवटच्या वर्षांत या मोहिमेचें बळ लसीइतकेंच खबरेवर होतें. कोठें एक जनावर संशयास्पद आजारी पडलें तरी तें कळलेंच पाहिजे, असा तिचा दंडक होता.

तो दंडक आश्रयस्थानांत रुजला नाहीं. २०१६ च्या पावसाळ्यांत जयपूर महापालिकेच्या हिंगोनिया गोशाळेंत मजुरी न मिळाल्यामुळें कंत्राटी मजुरांनीं काम थांबविलें, आणि चिखलांत रुतून, उपाशी, आजारी अशा पांचशेंहून अधिक गाई दोनएक आठवड्यांत मेल्याचें वृत्त आलें. महापालिका, कंत्राटदार आणि पशुवैद्य यांच्यांत जबाबदारी फिरत राहिली. उच्च न्यायालयास लक्ष घालावें लागलें. अखेर कारभार एका धार्मिक संस्थेकडे सोंपविण्यांत आला. १८३४ त सरकारनें जें ओझें सावकारांकडे दिलें होतें, तें मधल्या काळांत महापालिकेकडे आलें होतें. तें पुन्हां धर्मादायाकडे गेलें.

२००९ च्या केंद्रीय कायद्यानें जनावर ज्याच्या ताब्यांत असेल, मग तो मालक असो, खाजगी संस्था असो वा ग्रामपंचायत, त्यानें संशयित संसर्गाची वर्दी द्यावी आणि रोगी जनावर वेगळें ठेवावें, असें बंधन घातलें. पांजरपोळाचे चालक त्यांत स्पष्टपणें येतात. २०२२ त लंपी चर्मरोगाची सांथ कच्छ व राजस्थानांतून पसरली. महाराष्ट्रांतही गुरांचे बाजार बंद करून सरसकट टोचणी करावी लागली. देशांत दीड लाखांहून अधिक गुरें त्या वर्षीं मेलीं. त्याच वर्षीं गुजराथ सरकारनें पांजरपोळांसाठीं पांचशें कोटी रुपयांचें साहाय्य जाहीर केलें होतें. तें हातीं पडेना म्हणून सप्टेंबरांत बनासकांठा व इतर भागांतील चालकांनीं निषेधार्थ पांजरपोळांचे दरवाजे उघडून गाई रस्त्यांवर व सरकारी कचेऱ्यांच्या आवारांत सोडल्या. त्या दिवसांत लंपीची सांथ पुरती ओसरली नव्हती.