घोड्याचा केस, उंदराचा पाय

मधुमेहाच्या दवाखान्यात डॉक्टर पेशंटला डोळे मिटायला लावतात आणि तळपायाला बारीक तंगुसाचा तुकडा टेकवतात. तंगूस वाकला की उचलतात. ‘लागलं की सांगा,’ एवढंच बोलणं. कुष्ठरोगात हातापायाची बधिरता पाहायलाही हाच तंगूस. त्याचं कूळ शोधत गेलं की आपण जर्मनीत पोहोचतो, आणि मूळपुरुष निघतो तो काडीला मेणाने चिकटवलेला केस.

माक्स फोन फ्राय हा शरीरशास्त्रज्ञ तेव्हा लाइपझिगला काम करत होता. त्वचेवर स्पर्शाचे बिंदू वेगळे आणि वेदनेचे वेगळे, हे त्याला दाखवायचं होतं. पण बोट नेहमी सारख्याच जोराने कसं टेकवणार? माणसाच्या हाताला मोजून दाबता येत नाही. 1896 च्या सुमारास त्याने यावर काढलेली युक्ती इतकी साधी आहे की ती वाचताना मला दर वेळी आनंद होतो. खराट्याचा एक हीर भिंतीला टेकवून रेटून पाहा. थोडा वेळ तो ताठ राहतो, मग एकदम वाकतो, आणि एकदा वाकल्यावर तुम्ही आणखी रेटलंत तरी भिंतीवरचा भार फारसा वाढत नाही. कोणत्या भाराला वाकायचं हे हिराची जाडी आणि लांबी ठरवते. फोन फ्रायने माणसाचे मऊ केस घेतले, घोड्याचे राठ केस घेतले, कमीजास्त लांबीचे कापले, आणि त्याच्या हाती स्पर्शाची वजनं आली.

केसाची जागा पुढे नायलॉनने घेतली. जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइन्स्टाइन हे अमेरिकेत युद्धातल्या जखमांनी मेंदूला इजा झालेल्या सैनिकांची संवेदना तपासत होते. त्यांचं काम 1960 साली प्रसिद्ध झालं आणि नायलॉनच्या तारांच्या संचाला त्यांचं नाव मिळालं. आपल्या दवाखान्यातला तंगूस त्यातलाच एक, 10 ग्रॅम भाराला वाकणारा. तो सारखा वापरला की थकतो, म्हणून दहाएक पेशंटनंतर त्याला दिवसभर विश्रांती द्यायची असते.

दवाखान्यात हा केस बधिरता शोधतो. प्रयोगशाळेत मात्र त्याच्याकडून उलटं काम घेतलं गेलं.

नसेला इजा झाली की कधीकधी जखम भरते आणि वेदना मागे राहते. भगभग, मुंग्या, विजेच्या झटक्यासारखी कळ. अंगावरची चादर नुसती घासली तरी जीव कळवळतो. यावरचं औषध तपासायचं तर अशी वेदना प्राण्यात आणावी लागते. 1988 मध्ये गॅरी बेनेट आणि यी-क्वान शिए यांनी उंदराच्या मांडीतल्या सायटिक नसेभोवती कॅटगटच्या दोऱ्याच्या चार सैल गाठी बांधल्या. काही दिवसांत नस सुजते आणि त्या सैल गाठीच तिला आवळतात. असल्या उंदराला जाळीवर ठेवायचं आणि खालून पंजाला एकेक तार टेकवायची. धडधाकट उंदीर ज्या तारेची दखलही घेत नाही, तिलाच हा झटकन पाय उचलतो. मग औषध द्यायचं आणि पुन्हा तारा लावायच्या. आता जाड तारेलाही पाय जागेवर राहिला, तर औषध लागू पडलं असं धरायचं.

तारा कोणत्या क्रमाने लावायच्या याचंही कूळ निराळंच आहे. पाय उचलला तर पुढची तार बारीक, नाही उचलला तर जाड, असा वरखाली जाणारा हा हिशेब 1940 च्या दशकात स्फोटकं किती धक्क्याला फुटतात हे पाहण्यासाठी बसवलेला. 1994 पासून तो उंदराच्या पायावर रुळला.

फेफऱ्यावरचं गाबापेंटिन या तारांच्या परीक्षेत उतरलं, त्याचं भावंड प्रीगाबालिनही उतरलं. माणसांवर आल्यावर गणित तितकं सरळ राहिलं नाही. इजेनंतरच्या नसेच्या दुखण्यावर प्रीगाबालिनची 254 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, तिचा निकाल 2010 मध्ये आला आणि तो औषधाच्या बाजूने होता. 2018 मध्ये पाचशेहून अधिक रुग्णांच्या पंधरा आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला. त्यात औषध असलेली गोळी आणि तशीच दिसणारी रिकामी गोळी यांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही.

याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक मला थेट त्या केसात दिसतं. स्पर्श केल्यावर काय होतं, एवढंच तो विचारतो. रात्री दोन वाजता, कोणी हात लावलेला नसताना, तळहाताची जी आग होते तिच्याबद्दल त्याला काही विचारताच येत नाही. आणि पेशंट बहुधा त्याच आगीसाठी औषध मागायला आलेला असतो.

हीच आग ओळखता यावी म्हणून 2009 मध्ये अमेरिकेत फ्रँक पोरेका यांच्या गटाने उंदरालाच निवड करू दिली. वेगवेगळ्या सजावटीच्या खोल्या, त्यातल्या एकीत पाठीच्या कण्यातून औषध द्यायचं, आणि नंतर उंदीर आपणहून कुठे जातो ते पाहायचं. क्लोनिडीन दिलं तेव्हा नस दुखावलेले उंदीर त्या खोलीकडे वळले. धडधाकट उंदरांना त्या खोलीची ओढ नव्हती. मग ॲडेनोसिन दिलं. तारांच्या परीक्षेत ते चांगलं उतरत होतं, पाय जागेवर राहत होता. पण ते जिथे मिळालं त्या खोलीत उंदीर गेले नाहीत.