एकोणतीस सामन्यांचा हंगाम

21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारातील टाकीतून प्राणवायूची गळती झाली. दाब कमी झाला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. त्याच संध्याकाळी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर चेन्नई सुपर किंग्जने कोलकाता नाइट रायडर्सविरुद्ध 220 धावा उभारल्या. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने 64 धावा केल्या. उत्तरादाखल कोलकात्याच्या पॅट कमिन्सने 34 चेंडूंत नाबाद 66 धावा फटकावल्या, तरी त्यांचा डाव 202 वर संपला. प्रेक्षागार रिकामे होते.

या दोन घटना शेजारी ठेवून हळहळणे सोपे आहे. पण इंडियन प्रीमियर लीगच्या चौदाव्या हंगामाकडे इतिहास म्हणून पाहायचे, तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो. महामारीच्या काळात क्रिकेट नियामक मंडळाने कोणती स्पर्धा पुढे ढकलली आणि कोणती रद्द केली?

सुरुवात एक वर्ष मागे जाऊन करू. तेरावा हंगाम 29 मार्च 2020 रोजी वानखेडेवरच मुंबई-चेन्नई लढतीने सुरू व्हायचा होता. 13 मार्चला तो 15 एप्रिलपर्यंत लांबवण्यात आला आणि 16 एप्रिलला बेमुदत स्थगित झाला. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील टी-20 विश्वचषक पुढे गेला आणि मंडळाला हवी असलेली मोकळी जागा मिळाली. 19 सप्टेंबर ते 10 नोव्हेंबर या काळात दुबई, अबुधाबी आणि शारजा येथे सर्व 60 सामने पार पडले. मुंबई इंडियन्सने विजेतेपद मिळवले, त्यानंतर चारच दिवसांनी लक्ष्मीपूजन होते.

या खटाटोपामागचे अर्थकारण लपलेले नाही. 2018 ते 2022 या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी स्टार इंडियाने 16,347.50 कोटी रुपये मोजले होते. वर्षाला 60 सामने धरले तर एका सामन्याची किंमत साडेचोपन्न कोटींच्या घरात जाते. मैदानात प्रेक्षक नसले तर तिकिटांचे उत्पन्न बुडते, पण सामनाच झाला नाही तर हे साडेचोपन्न कोटी धोक्यात येतात. 2020मध्ये विवो बाजूला झाल्यावर शीर्षक प्रायोजकत्व ड्रीम इलेव्हनला 222 कोटींना दिले गेले. आधीच्या वार्षिक 440 कोटींच्या मानाने ते निम्मेच होते. तरीही हंगाम भरवणे परवडणारे होते.

अमिरातीत ‘बायो-बबल’ टिकला, त्याला भूगोल कारणीभूत होता. तिन्ही मैदाने एकमेकांपासून मोटारीने जाण्याच्या अंतरावर होती. प्रत्येक संघ आपापल्या हॉटेलात राहिला, विमानप्रवास नव्हता. स्पर्धेपूर्वी चेन्नईच्या चमूतील 13 जण बाधित निघाले, त्यांत ऋतुराजही होता. मात्र एकदा सुरू झालेली स्पर्धा थांबली नाही.

या यशाने मंडळाचा आत्मविश्वास वाढला. 2021चा हंगाम भारतात घ्यायचे ठरले, तेही सहा शहरांत. चेन्नई आणि मुंबई, मग अहमदाबाद आणि दिल्ली, शेवटी बंगळूरु आणि कोलकाता. कोणालाही घरच्या मैदानावर खेळायचे नव्हते, त्यामुळे प्रत्येक संघाला फिरत राहणे भाग होते. कवचाला प्रत्येक मुक्कामागणिक नवा सांधा पडत होता. 9 एप्रिलला पहिला चेंडू पडण्याआधीच वानखेडेवरील मैदान कर्मचाऱ्यांपैकी काही जण बाधित आढळले होते. खेळपट्टी तयार करणारा माणूस शहरातूनच येतो, हे कोणत्याही नियमावलीला पुसता येत नाही.

14 एप्रिलच्या रात्री आठपासून महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली. वानखेडेवरचे सामने मात्र 25 एप्रिलपर्यंत ठरल्याप्रमाणे झाले. येथे 2016ची आठवण होते. राज्यात दुष्काळ असताना मैदानांना पाणी द्यायचे का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश निघाला. त्या वेळी स्पर्धेला जायला दुसरी राज्ये होती. 2021मध्ये सहाही शहरांवर तेच संकट होते.

एप्रिलअखेर कवचाच्या आतूनच अस्वस्थता बाहेर येऊ लागली. घरच्यांना आजाराशी झुंजावे लागत असल्याने रविचंद्रन अश्विनने स्पर्धा सोडली. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू टाय मायदेशी परतला. लोकांना रुग्णालयात जागा मिळत नसताना इतका पैसा खेळावर कसा खर्च होतो, असा प्रश्न त्याने जाहीरपणे केला. मात्र, खेळामुळे लोकांचा ताण हलका होत असेल तर तो चालू राहावा, असेही तो म्हणाला. ‘द न्यू इंडियन एक्स्प्रेस’ने लीगचे वार्तांकन थांबवले. मंडळाने खेळाडूंना पत्र लिहून तुम्ही मानवतेसाठी खेळत आहात असे सांगितले आणि कवच सुरक्षित असल्याची ग्वाही दिली.

ती ग्वाही जेमतेम आठवडाभर टिकली. 3 मे रोजी कोलकात्याचे वरुण चक्रवर्ती आणि संदीप वॉरियर बाधित निघाले, 4 मे रोजी हैदराबादचा वृद्धिमान साहा आणि दिल्लीचा अमित मिश्रा. त्याच दिवशी हंगाम बेमुदत स्थगित झाला. 29 सामने झाले होते, 31 उरले होते.

उरलेले सामने 19 सप्टेंबरपासून पुन्हा अमिरातीत झाले. 15 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, चेन्नईने कोलकात्याला हरवले. 635 धावा करून ऋतुराज हंगामातील सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. साडेचार महिन्यांचे खिंडार मध्ये असूनही नोंदवहीत हा एकच हंगाम आहे.

आता दुसरी स्पर्धा. 1934-35पासून दरवर्षी होत आलेली रणजी करंडक स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही थांबली नव्हती. 2020-21चा तिचा हंगाम रद्द झाल्याचे मंडळाने 30 जानेवारी 2021 रोजी राज्य संघटनांना कळवले. वेळ अपुरा होता, हे खरे. सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे या मर्यादित षटकांच्या स्पर्धा झाल्या, हेही खरे. परंतु चार-पाच दिवसांच्या सामन्यासाठी त्या वेळी रोज 35,000 रुपये मानधन मिळणाऱ्या आणि लीगचा करार नसलेल्या खेळाडूचे वर्षाचे उत्पन्न प्रामुख्याने रणजीवर उभे होते. त्याची भरपाई जाहीर व्हायला 20 सप्टेंबर 2021 उजाडले. 2019-20मध्ये खेळलेल्यांना त्या हंगामाच्या मानधनाच्या निम्मी रक्कम मिळणार होती. म्हणजे निर्णयापासून भरपाईच्या घोषणेपर्यंत जवळजवळ आठ महिने गेले. ही घोषणा झाली, त्याच्या आदल्याच दिवशी दुबईत लीगचा तिसावा सामना झाला होता.

लीगच्या पैशावरच देशातील बाकीचे क्रिकेट चालते, असा मंडळाच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही. पण मग त्या पैशाचा पहिला उपयोग कोणासाठी व्हायला हवा होता, हा प्रश्नही त्याच युक्तिवादातून निघतो. आयपीएल 2020मध्ये आणि 2021मध्ये थांबली, दोन्ही वेळा परदेशात नेऊन पूर्ण केली गेली. रणजीसाठी असे स्थलांतर झाले नाही.

रणजी विजेत्यांच्या यादीत 2019-20समोर सौराष्ट्र आहे आणि 2021-22समोर मध्य प्रदेश. मधल्या वर्षासमोर कोणाचेच नाव नाही. महामारीचा भारतीय क्रिकेटवरील परिणाम अभ्यासणाऱ्याने त्या रिकाम्या ओळीपासून सुरुवात करावी.