स्मॉलमन स्ट्रीटचं गोत

वॉशिंग्टन शहरातल्या 169 मीटर उंच दगडी स्मारकाच्या टोकावर 6 डिसेंबर 1884 रोजी एक छोटासा पिरॅमिड बसवला गेला. उंची वीतभर, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, धातू अ‍ॅल्युमिनियम. तो ओतला फिलाडेल्फियाच्या विल्यम फ्रिशमथ यांनी आणि मोठ्या घासाघिशीनंतर त्याचे 225 डॉलर घेतले. टोकावर चढण्याआधी तो न्यूयॉर्कमध्ये टिफनीच्या पेढीत जमिनीवर मांडला होता. लोक रांग लावून त्यावरून टांग टाकत आणि वॉशिंग्टन स्मारक ओलांडल्याच्या बढाया मारत घरी जात. तेव्हा या धातूचा भाव चांदीच्या आसपास होता, त्यामुळे त्याची जागा सराफाकडेच होती.

योगायोग असा, की त्याच दिवशी ओहायोतल्या ओबर्लिन गावात चार्ल्स मार्टिन हॉल एकवीस वर्षांचा झाला. कॉलेजात त्याला रसायनशास्त्र शिकवणारे फ्रँक ज्युएट हे जर्मनीत फ्रीड्रिश व्होलर यांच्या हाताखाली शिकून आलेले. अ‍ॅल्युमिनियम वेगळं करणाऱ्या पहिल्या काही जणांत व्होलर यांचं नाव येतं. जो हा धातू स्वस्तात काढेल तो पैशाच्या राशीत लोळेल, असं ज्युएट वर्गात सांगत. हॉलने ते मनावर घेतलं.

मातीत अ‍ॅल्युमिनियमची कमतरता कधीच नव्हती. अडचण अशी, की प्राणवायूशी त्याची मिठी सुटत नाही. बॉक्साइट या खनिजापासून मिळणारी अ‍ॅल्युमिना नावाची पांढरी भुकटी दोन हजार अंशांच्या पुढे वितळते. हॉलने ग्रीनलंडमधून येणारं क्रायोलाइट हे खनिज वितळवलं आणि त्यात अ‍ॅल्युमिना विरघळवली. मग हजाराच्या आतल्या तापमानावर काम भागू लागलं. घरामागच्या लाकूडफाट्याच्या खोपीत, स्वतः बनवलेल्या बॅटऱ्यांवर त्याने या रसातून वीज सोडली. पहिल्या खेपांना हाती आला नुसता राखाडी थर. मुशीच्या मातीतली सिलिका रसात उतरत होती. मुशीला आतून कार्बनचं अस्तर दिलं आणि 23 फेब्रुवारी 1886 रोजी तळाशी चंदेरी गोळ्या सापडल्या.

हॉलची मोठी बहीण ज्युलियाही ओबर्लिनलाच रसायनशास्त्र शिकलेली. तिचं मोल पुढे कळलं. फ्रान्समध्ये पॉल एरू या हॉलच्याच वयाच्या तरुणाने हीच रीत त्याच सुमारास शोधली होती आणि अमेरिकेत पेटंटसाठी अर्जही आधी केला होता. भावाचा प्रयोग कोणत्या दिवशी साधला, याची साक्ष ज्युलियाने दिली. त्या दिवसांतली पत्रंही कामी आली. 2 एप्रिल 1889 रोजी पेटंट हॉलला मिळालं. उद्योगाच्या इतिहासात मात्र तिचं नाव उशिराच आलं.

एखाद्या देशात धातूचा उद्योग उभा राहतो तो खाणीपासून, असा आपला समज असतो. इथे गाडी मधूनच सुटली. 1888 साली आल्फ्रेड हंट आणि त्यांच्या मित्रांनी 20,000 डॉलर जमवून पिट्सबर्गमध्ये पिट्सबर्ग रिडक्शन कंपनी काढली. स्मॉलमन स्ट्रीटवरच्या तिच्या शेडमध्ये हॉल आणि नुकताच पदवीधर झालेला आर्थर व्हाइनिंग डेव्हिस बारा-बारा तासांच्या पाळ्या करत. अ‍ॅल्युमिना विकत आणायची, वीज मात्र स्वतःच तयार करायची. कंपनीची स्वतःची खाण नव्हती आणि गिऱ्हाईकही जवळपास नव्हतं. रोज पन्नासेक पौंड धातू निघायचा, त्याचं करायचं काय हा प्रश्न! पोलादवाले रसातला प्राणवायू काढायला चिमूटभर घेत, तेवढाच खप.

किटलीचा किस्सा याच दिवसांतला. ईरी गावच्या ग्रिझवोल्ड या भांडीवाल्यांना ओतकामासाठी धातू विकावा म्हणून डेव्हिस नमुन्याची किटली घेऊन गेला. त्यांनी धातू घेतला नाही, दोन हजार किटल्यांची ऑर्डर दिली! कंपनीला स्वतःच भांडी घडवायला बसावं लागलं. 1901 साली भांड्यांसाठी वेगळी कंपनी निघाली आणि वेअर-एव्हर या नावाची पातेली कॉलेजची मुलं सुट्टीत दारोदार विकू लागली. आपल्याकडे ज्यांना सर्रास जर्मनची भांडी म्हणतात, त्यांच्याच या अमेरिकी बहिणी. दोन वर्षांनी राइट बंधूंच्या विमानात इंजिनाचा मुख्य ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा होता, पण धातूची चूल पेटती ठेवली ती पातेल्यांनी आणि विजेच्या तारांनी.

गिऱ्हाईक जमू लागल्यावर कंपनी मागे वळली, खनिजाकडे आणि विजेकडे. मेलन बँकेकडे चार हजार डॉलर मागितले तर पंचवीस हजार मिळाले, असं सांगतात. 1895 मध्ये नायगाऱ्याच्या धबधब्यावर जलविद्युत केंद्र सुरू झालं, तेव्हा त्याचं पहिलं गिऱ्हाईक हीच कंपनी होती. आर्कान्सामध्ये भूवैज्ञानिक जॉन ब्रॅनर यांनी बॉक्साइट ओळखलं होतं. तिथे खाणी सुरू झाल्या आणि खाणकामगारांच्या गावाचं नावच बॉक्साइट पडलं. तिथलं खनिज शुद्ध करायला ईस्ट सेंट लुईसचा कारखाना उभा राहिला. चार टन बॉक्साइटपासून दोन टन अ‍ॅल्युमिना, तिच्यापासून एक टन धातू, असा ढोबळ हिशेब. 1907 मध्ये कंपनीने अ‍ॅल्युमिनम कंपनी ऑफ अमेरिका हे नाव घेतलं, म्हणजेच अल्कोआ. खाणीपासून पातेल्यापर्यंत सगळं एकाच घरात.

हे एकछत्री राज्य मोडलं युद्धाने आणि कोर्टाने. 1941 च्या जुलैत सरकारने विमानांसाठी घरोघरची अ‍ॅल्युमिनियमची भांडी मागितली. बायकांनी पातेली, कढया चौकाचौकांत आणून ढीग लावले. मात्र विमानाच्या मिश्रधातूला ताजा, शुद्ध धातू लागे; जुन्या पातेल्यांचा त्याला फारसा उपयोग नव्हता. ताज्या धातूसाठी खनिज हवं, आणि सुरिनाममधून बॉक्साइट आणणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. आर्कान्साने 1943 या एका वर्षात साठ लाख टनांवर खनिज दिलं. सरकारने स्वतःच्या पैशाने कारखाने बांधले. 1945 मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी अल्कोआची मक्तेदारी बेकायदा ठरवली. युद्धानंतर सरकारी कारखाने अल्कोआला न देता सिगारेटची चांदी बनवणाऱ्या रेनॉल्ड्सला आणि जहाजं बांधणाऱ्या हेन्री कायझरला विकले गेले. नव्या स्पर्धकांना नवा खप हवा होता. रेनॉल्ड्सने 1947 मध्ये स्वयंपाकघरात फॉइलची गुंडाळी आणली. 1959 मध्ये कुअर्सने बीअर अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरली.

पुढे साखळी सुटू लागली ती खालच्या टोकाकडून. आर्कान्साचं चांगलं खनिज सरलं. आज अमेरिकेत धातूसाठी बॉक्साइट काढलं जात नाही. एक किलो धातूला चौदा युनिटांच्या आसपास वीज लागते. ती महागली तसे धातू काढणारे कारखाने एकेक करून बंद पडले. 1980 च्या सुमारास ते तीसच्या वर होते, 2024 मध्ये चारच चालू राहिले. त्यांतला न्यूयॉर्क राज्यातला मसीनाचा कारखाना पिट्सबर्ग रिडक्शनच्या काळातला. वरचं टोक मात्र शाबूत आहे: पत्रा, कॅन आणि भंगार. वापरलेला कॅन वितळवायला नव्या धातूच्या मानाने पाच टक्केच ऊर्जा लागते.

या भंगारातलं सगळ्यात मोठं नाव नोव्हेलिस, मुख्यालय अटलांटा, मालक मुंबईची हिंडाल्को. हिंडाल्कोचा रेणुकूटचा कारखाना 1962 मध्ये सुरू झाला तो कायझरच्या भागीदारीत. 2007 मध्ये तिने सुमारे सहा अब्ज डॉलरला नोव्हेलिस घेतली. नोव्हेलिस ही अल्कन या कॅनेडियन कंपनीतून फुटून निघालेली, आणि अल्कन 1928 साली अल्कोआतून वेगळी झालेली. बेळगावचा अ‍ॅल्युमिनियम कारखाना उभारणारी इंडालही अल्कनचीच. आता तोही हिंडाल्कोकडे आहे आणि त्याला बॉक्साइट जात आलंय कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरून.