सेंद्रिय खाणं श्रीमंताचं कधीपासून झालं?

परवा पुण्याहून मामाचा मुलगा आला होता. बायको भाकरीचं पीठ काढत होती, तेवढ्यात त्यानं पिशवीतून एक पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. ज्वारीचं पीठ, एक किलो, वर हिरव्या अक्षरात 'ऑरगॅनिक'. शुगर निघालीय, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आता हेच खातो म्हणाला. आईनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि किंमत वाचायला माझ्याकडं दिलं. मी वाचली.

आई म्हणाली, "आरं, बिनखताची हाय हे पाकिटावर ल्ह्यावं लागतंय व्हय आता? आमच्या टायमाला खत हुतंच कुठं?"

सगळे हसलो. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपल्या वाशीत महिना दहा-बारा हजारांत पाच माणसांचं घर चालवणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना 'सेंद्रिय खा, विषमुक्त खा' असं सांगितलं की ती म्हणतात, साहेब, ते तुमच्यासारख्यांचं. तुमच्यासारख्यांचं म्हणजे आमचंही नाही, ही गोष्ट वेगळी. पण दोन पिढ्यांपूर्वी जे गरिबाच्या ताटात होतं, ते श्रीमंताच्या पाकिटात कसं गेलं? हा इतिहास आपल्याच बांधावर घडलाय, म्हणून लिहितो.

आधी रान कसं होतं ते बघू. बालाघाटच्या या माळावर शेती बहुतेक कोरडवाहू. खरिपात ज्वारी, तिच्यात तुरीच्या ओळी, मूग, उडीद, मटकी. कडेला अंबाडी, तीळ, कारळं. रब्बीत शाळू, म्हणजे मोहोळच्या केंद्रावर निवड करून दिलेली मालदांडी, आणि तिच्यात करडईचे पाटे. हुलगा, जवस, हरभरा वेगळे. एका रानात सात-आठ जिनसा. त्यात शास्त्राचा आव नव्हता, भीती होती. पाऊस दगा देणार हे माहीत असायचं, म्हणून एक गेलं तर दुसरं हाताला लागावं ही सोय.

यातल्या कडेच्या पिकांकडं पुरुषमाणूस फारसं बघायचा नाही. कुठं तीळ टाकायचा, कुठं अंबाडी, बी कोणत्या मडक्यात राखेत घालून ठेवायचं, हे बाई ठरवायची. घरातलं तेल घाण्यावरच्या करडईचं, डाळ घरच्या तुरीची, चटणी कारळाची नाहीतर जवसाची. बाजारातून मीठ, कापड, चहापत्ती. थोडक्यात, सकस खाण्याला पैसे लागत नव्हते, कारण ते बाजारात जातच नव्हतं. आपल्या धाराशिव-लातूर पट्ट्यातली येळवस आठवा. वेळ अमावस्येची भज्जी म्हणजे त्या मिश्र रानाची यादीच. शेतात जे जे आहे, वाटाणा, तूर, हरभरा, शेंगदाणा, मेथी, ते सगळं एका पातेल्यात. आज त्याच भज्जीचं सामान आपण मंडईतून किलो-किलोनं आणतो.

पण 'जुनं ते सोनं' म्हणून मी हात जोडणार नाही. हे रान सगळ्यांकडं नव्हतं. ज्याच्याकडं जमीन नाही त्याच्या घरी कण्या, नाहीतर कुणाच्या खळ्यावरून मिळालेलं बलुतं. आणि पाऊस गेला की जमीनवालाही उघडा. १९७२ चा दुष्काळ आईनं बघितलाय. ती तेव्हा सतरा वर्षांची, दुष्काळी कामावर खडी फोडायला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. आई सांगते, मिलोची भाकरी हातातच तुटायची, पण त्या भाकरीनं जगवलं. पोटात घालायला आहे की नाही हाच प्रश्न असताना सकस की निकस हे कोण विचारणार?

म्हणून वसंतराव नाईकांच्या काळात संकरित ज्वारी आली तेव्हा लोकांनी ती उगीच नाही घेतली. सीएसएच-१ हा संकरित वाण १९६४ चा. गावात त्याला नाव एकच, 'हायब्रीड'. भाकरीला चव नाही म्हणून नावं ठेवली, पण कणगी भरली. रोजगार हमी, धरणं, हायब्रीड यांनी भूक मागं हटवली, हे मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे.

खरा बदल त्याच्या नंतरचा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या रानात सोयाबीन आलं आणि बघता बघता खरीप म्हणजे सोयाबीन असं झालं. शेतकऱ्याचं चुकलं म्हणायची माझी हिंमत नाही. शंभर दिवसांचं पीक, रोकडा पैसा, पोराची फी त्याच्यावर. पण त्याच्यामागं काय काय गेलं ते मोजा. ज्वारी कमी झाली म्हणून कडबा कमी झाला. कडबा नाही म्हणून बैल गेले. बैल गेले म्हणून शेणखत गेलं. शेणखत गेलं म्हणून युरियाची गोणी आली. जनावर राहिलं ते दुधासाठी. आणि आपल्या भूम-वाशी-कळंब भागात दूध जातं खव्याच्या भट्टीवर. खव्यानं कितीतरी घरं उभी राहिली, पण दूध काढणाऱ्याच्या घरात चहापुरतंच दूध उरतं, हेही खरंच आहे. सोयाबीनचं तर आणखी गंमतीचं. आपण पोत्यानं विकतो, घरात मूठभर शिजवत नाही, आणि त्याच्याच तेलाची पिशवी किराणा दुकानातून उधारीवर आणतो.

आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. खुरपणीला जाणारी बाई संध्याकाळी येताना ओटा भरून रानभाजी आणायची. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, केना. तिच्याकडं गुंठाभर जमीन नसली तरी ही भाजी तिची होती, फुकट, ताजी. आता तणनाशक आलं. तण गेलं, त्याच्याबरोबर भाजी गेली आणि खुरपणीची मजुरीही गेली. जिनं हे गमावलं तिनं आता मंडईत वीस रुपयांची मेथीची पेंडी घ्यायची.

मग हे परत फिरवता येतं का? आपल्याच जिल्ह्यात ते थोडंफार झालंय, आणि त्याची सुरुवात शेतीतून नाही, भूकंपातून झाली.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी, सास्तूर. हजारो माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. घरं बांधायच्या कामात सरकार आणि गाव यांच्यात दुवा म्हणून गावातल्याच बायका 'संवाद सहायक' झाल्या. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामातून इथं रुजली. घराच्या भिंतीवर बोलायला शिकलेल्या बायका पुढं बचत गटात आल्या, आणि पुढं त्यांनी सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. शेतात सगळी कामं आम्ही करतो, मग काय पेरायचं ते आम्ही का नाही ठरवायचं?

त्यातून आलं 'एक एकर मॉडेल'. सगळी जमीन मागायची नाही. नवऱ्याकडं, सासऱ्याकडं अर्धा ते एक एकर मागायचा. त्यात आधी घराला लागतं ते लावायचं, ज्वारी, बाजरी, कडधान्य, भाजीपाला. पाणी कमी, खत घरचं, शेण-गोमूत्राचं, फवारणी निंबोळीची. उरेल ते बाजारात. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या बायकांनी हे गावोगाव नेलं. २०१२ पासून दुष्काळाची वर्षं पाठोपाठ आली. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. आपल्याकडं या कामाची जेवढी चर्चा व्हायला पाहिजे होती तेवढी झाली नाही, त्यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहे.

यात नवं काय होतं? बी जुनं, शेणखत जुनं, मिश्र पीकही जुनं. नवं एकच, तुकड्यावर बाईचा शब्द. पूर्वी बांधाच्या कडेला जे तिच्या हातात होतं ते सोयाबीननं घेतलं, ते तिनं मागून परत घेतलं.

आता हिशोब करू. रेशनचा कायदा माणशी महिना ५ किलो धान्य धरतो. पाच माणसांना महिन्याला २५ किलो, वर्षाला ३ क्विंटल. कोरडवाहू एकरात बऱ्या वर्षी शाळू एवढा तरी होतो, वर कडबा. २०२४-२५ चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये होता. म्हणजे घरी खाल्लेली ज्वारी हमीभावानंही दहा हजारांच्या वर जाते, आणि दुकानात ती याहून महाग. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, पण कितीजणांना तो मिळाला ते तुम्हाला माहीत आहे. सगळं रान मोडा असं मी म्हणत नाही. पाच एकरवाल्यानं एक एकर, दोन एकरवाल्यानं अर्धा एकर घरासाठी ठेवावा, आणि त्यात काय पेरायचं ते घरातल्या बाईला ठरवू द्यावं.

ज्यांना जमीनच नाही त्यांचं काय? त्यांना 'एक एकर' सांगणं म्हणजे चेष्टा. 'उमेद'च्या गटांतून परसबागा होतायत, दोन वाफे मेथी-पालक, एक शेवगा, दारातला कढीपत्ता, त्यानं भाजीचा भार थोडा हलका होतो. पण त्यांचं मुख्य धान्य रेशनवरच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू, तांदूळ आणि भरड धान्य असं तिन्ही आहे. आपल्याकडं मात्र पिशवीत गहू-तांदूळ. ज्वारी आली तर कधीमधी. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून आपल्यासह १४ जिल्ह्यांत स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ ला ते बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यावर देणं सुरू झालं. पैसे खात्यावर येतात, पण त्याची ज्वारी होते की मोबाईलचं रिचार्ज, हे प्रत्येकानं आपल्या घरात बघावं.

केंद्रानं २०१८ ला धाराशिवला आकांक्षित जिल्हा म्हटलं, त्यात आरोग्य आणि पोषण हा मोठा मुद्दा. मग मागणी सरळ आहे. जिल्ह्यातली ज्वारी जिल्ह्यातच हमीभावानं खरेदी करा आणि नेमानं रेशनवर, अंगणवाडीत द्या. शेतकऱ्याला भाव मिळेल, कडबा मिळेल, गरिबाला भाकरी मिळेल. येत्या निवडणुकीत मत मागायला येईल त्याला हे विचारा. मीही विचारणार आहे.

मामाचा मुलगा जाताना आईनं त्याला पाच किलो शाळू बांधून दिला, आमच्या बांधालगतच्या अर्ध्या एकरातला. पाकीट मात्र त्याच्याच पिशवीत परत ठेवलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, तिकडं दळण लवकर मिळत नसंल."

तुमच्या घरी शेवटचा करडईचा पाटा कोणत्या वर्षी होता? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खाली लिहा. ही आठवण कुठल्या सरकारी दप्तरात नाही, आपणच नोंदवून ठेवू.