ईना मीना डीका कुणाचं?

हल्ली गाण्यांचीही धर्माप्रमाणे वाटणी होते. अशा वेळी मला 'ईना मीना डीका' आठवतं. आमच्या कन्नडच्या लग्नांत, वरात कुणाचीही असो, या गाण्यावर पाय थिरकतातच.

१९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं हे धमाल रॉक अँड रोल. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे गोदाकाठच्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. खेळणाऱ्या पोरांचे बोल कानावर पडले आणि त्यातून मुखडा सुचला, असं सांगतात. गोव्याचे वादक जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतलं 'मला नको' जोडलं. गीतकार राजेंद्र कृष्ण. किशोरकुमारांनी ते गायलं आणि पडद्यावर धुडगूसही घातला. दुसरं रूप आशा भोसलेंच्या आवाजात, पडद्यावर वैजयंतीमाला.

तेव्हा माहितीमंत्री बाळकृष्ण केसकरांना सिनेगीतं हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती हद्दपार झाली, तर लोकांनी रेडिओ सिलोन लावला आणि अमीन सयानींना घरोघरी नेलं. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

चितळकर मात्र उथळ नव्हते. ते विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकले. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बिंदू खान, हबीब खान यांच्यासोबत हार्मोनियम वाजवत. १९६३ मध्ये देशाला रडवणाऱ्या 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चालही त्यांचीच.

मराठी संगीतकार, गोव्याचा ख्रिस्ती वादक, बंगाली गायक, उस्तादांची सोबत. यातला एक धागा उपटून पाहा, गाणंच उसवेल. वाटणी करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे.