'कोलाप्स' (१९८१) : पश्चिम बर्लिनची पडझड, तिचा ध्वनी आणि त्या ध्वनीचा वारसा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपचा इतिहास लिहिताना शासकीय दस्तऐवज, वृत्तपत्रे, मुलाखती व छायाचित्रे यांचा साधन म्हणून वापर आता रूढ झाला आहे. ध्वनिमुद्रिकेला मात्र हे स्थान पुरेसे लाभलेले नाही. लोकप्रिय संगीताचा विचार झालाच तर तो बहुधा गीतांतील शब्दांपुरता मर्यादित राहतो. वाद्य कोणते होते, ते कोठून आले, कोणत्या परिस्थितीत हाती लागले, हे प्रश्न संगीतशास्त्राचे मानून इतिहासाचे अभ्यासक बाजूला सारतात. प्रस्तुत लेखात 'आइनस्टुर्त्सेन्डे नॉयबाउटेन' या पश्चिम बर्लिनमधील बँडचा 'कोलाप्स' हा ऑक्टोबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला स्टुडिओ अल्बम ऐतिहासिक साधन म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

औद्योगिक संगीत या नावाने ओळखला जाणारा प्रवाह या बँडने सुरू केला असे नाही. यंत्रयुगातील गोंगाटाला संगीतात स्थान द्यावे, असे प्रतिपादन इटालियन फ्यूचरिस्ट लुइजी रुसोलो याने १९१३ मध्येच केले होते. पुढे १९७६ मध्ये लंडनच्या 'थ्रॉबिंग ग्रिसल' या समूहाने 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही स्वतःची संस्था काढली व या प्रवाहाला नाव मिळाले. तथापि लंडनच्या या समूहाचा कारखाना मुख्यतः विद्युत्-उपकरणांचा आणि ध्वनिफितींचा होता. प्रत्यक्ष लोखंडाचे पत्रे, स्प्रिंगा, नळ आणि ड्रिल मशीन यांनाच वाद्य मानून त्यावर संपूर्ण अल्बम उभारण्याचे काम 'कोलाप्स'ने केले. इंडस्ट्रियल रॉकच्या बहुतेक इतिहासकथनांत या अल्बमचे वर्णन विध्वंसाचे संगीत असे केले जाते. हे वर्णन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विध्वंस शहरात आधीच चालू होता व तो बऱ्याच अंशी शासकीय धोरणाचा भाग होता. तरुणांनी त्यातून उरलेला माल आणि त्याची हत्यारे उचलली.

नावाचा प्रश्न आणि एक कालविपर्यास

बँडच्या नावाचा अर्थ 'कोसळणाऱ्या नव्या इमारती' असा आहे. 'नॉयबाउटेन' म्हणजे नव्या इमारती, हा बर्लिनकरांच्या नित्य वापरातील शब्द. युद्धापूर्वीच्या, उंच छतांच्या, आतल्या चौकांभोवती बांधलेल्या जुन्या घरांहून वेगळ्या, युद्धोत्तर काळात घाईने उभारलेल्या इमारतींना तो लावला जाई.

२१ मे १९८० रोजी पश्चिम बर्लिनमधील काँग्रेसहाले या सभागृहाच्या छताचा काही भाग कोसळला. १९५७ च्या आंतरराष्ट्रीय वास्तुप्रदर्शनासाठी अमेरिकेने दिलेली ही देणगी होती. ह्यू स्टबिन्स या अमेरिकन वास्तुविशारदाचे ते काम. काँक्रीटमधील ताणलेले पोलाद गंजल्याने छत ढासळले व एकाचा मृत्यू झाला. नावाशी ही घटना इतकी जुळते की, बँडचे नाव तिच्यावरूनच पडले असा समज सहज व्हावा. परंतु बँडचा पहिला कार्यक्रम १ एप्रिल १९८० रोजी बर्लिनमधील 'मून' या क्लबमध्ये झाला होता. म्हणजे नाव आधीचे, दुर्घटना सुमारे सात आठवड्यांनंतरची. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नव्या इमारती टिकणार नाहीत ही भावना एखाद्या अपघाताची प्रतिक्रिया नव्हती, ती त्या शहराच्या हवेतच होती.

शहर : अनुदान, पाडकाम आणि रिकामी घरे

पश्चिम बर्लिन हे १९६१ पासून भिंतीने वेढलेले, अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने पश्चिम जर्मनीच्या अनुदानावर अवलंबून असलेले शहर होते. तेथील रहिवाशांना पश्चिम जर्मनीतील सक्तीची लष्करी सेवा लागू नव्हती. त्यामुळे ती टाळू पाहणारे अनेक तरुण तेथे येऊन राहिले. दुसरीकडे, १९६३ मध्ये जाहीर झालेल्या नगर-नूतनीकरण योजनेनुसार जुन्या वस्त्या सरसकट पाडून नवी गृहसंकुले उभारण्याचे काम सुरू होते. क्रॉइत्सबेर्गसारख्या भागांत घरे रिकामी केली जात, पाडकामाची वाट पाहत वर्षानुवर्षे ओस ठेवली जात. आणि त्याच वेळी तरुणांना भाड्याने खोली मिळत नसे.

या विसंगतीचा स्फोट १२ डिसेंबर १९८० रोजी क्रॉइत्सबेर्गमधील चकमकीने झाला. घरे ताब्यात घेण्याची चळवळ त्यानंतर वेगाने पसरली व १९८१ च्या मध्यापर्यंत दीडशेहून अधिक घरे चळवळीच्या ताब्यात होती. जानेवारी १९८१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला दिलेल्या कर्जहमीच्या प्रकरणातून, गार्स्की प्रकरण या नावाने ते प्रसिद्ध आहे, महापौर डीट्रिख श्टोबे यांना पद सोडावे लागले. मे महिन्यातील निवडणुकीनंतर रिशार्ड फॉन वाइत्सेकर महापौर झाले. २२ सप्टेंबर १९८१ रोजी एकाच दिवशी आठ घरे पोलिसांनी रिकामी करविली. त्या धामधुमीत क्लाउस-युर्गेन राट्टाय हा अठरा वर्षांचा तरुण बसखाली सापडून मृत्यू पावला. 'कोलाप्स' बाजारात आला तो यानंतर काही आठवड्यांतच.

अल्बम या घटनांवरील भाष्य होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्यात घोषणा नाहीत, चळवळीचा पुरस्कारही नाही. 'श्टे आउफ बर्लिन' या रचनेच्या आरंभी ऐकू येते ते यंत्राच्या छिद्रकामाचा कर्कश आवाज. त्या काळी क्रॉइत्सबेर्गच्या रस्त्यावर खिडकी उघडणाऱ्याला असाच आवाज परिचित असणार. साधन म्हणून या मुद्रिकेचे महत्त्व नेमके येथे आहे. शासनाच्या कागदपत्रांत पाडकाम चौरस मीटरमध्ये येते, वृत्तपत्रांत ते वादाच्या रूपाने येते. शेजारी राहणाऱ्याच्या कानावर ते कसे आदळत होते, हे मात्र या दोहोंत सापडत नाही.

वाद्ये आणि त्यांचे मूळ

अल्बमच्या वेळी बँडमध्ये तिघे होते : गायक व गिटारवादक ब्लिक्सा बार्गेल्ड, एन. यू. उनरू आणि हॅम्बुर्गहून आलेला एफ. एम. आइनहाइट. धातूची वाद्ये कशी आली याचा बँडकडून सांगितला गेलेला वृत्तान्त साधा आहे. उनरूने पैशांच्या गरजेपोटी आपला ड्रमसंच विकला आणि बांधकामांवरून मिळेल ते भंगार वाजवायला घेतले. कलाविषयक जाहीरनामा मागाहून आला, आधी होती ती टंचाई. १९८० मध्ये बार्गेल्ड व उनरू यांनी एका महामार्गाच्या पुलाच्या पोकळीत शिरून लोखंडाच्या भिंती बडवत केलेले 'श्टालम्युझिक', अर्थात पोलाद-संगीत, हे मुद्रण या टप्प्याचे द्योतक आहे. येथे वाद्य आणि इमारत असा भेदच उरत नाही.

'कोलाप्स'मध्ये तेरा रचना आहेत. बहुतेक लहान आहेत. शीर्षक-रचना मात्र आठ मिनिटांची, मंद, आणि प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने संपूर्ण अल्बममधील सर्वांत परिणामकारक. तीत आघातांमध्ये पुरेशी शांतता आहे, त्यामुळे प्रत्येक धातूचा आवाज वेगळा ओळखता येतो. पत्रा निराळा, नळ निराळा, घट्ट ताणलेली स्प्रिंग निराळी. उरलेल्या काही रचना मात्र एकदा ऐकल्यावर पुन्हा ऐकण्याची इच्छा होत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवावे लागेल. श्रवणाला वेदना जोडणे हा बँडचा घोषित हेतू होता व त्यात ते यशस्वी झाले. फ्रेंच गीतकार सेर्ज गेन्सबूर्ग यांच्या सुप्रसिद्ध प्रणयगीताची येथील दीड मिनिटाची मोडतोड हा विनोद आहे, आणि तो विनोद म्हणूनच घ्यावा.

आवरणावरील छायाचित्राला अधिक महत्त्व आहे. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या बर्लिनच्या स्टेडियमसमोर तिघे उभे आहेत व त्यांची हत्यारे जमिनीवर नीट मांडून ठेवली आहेत. पिंक फ्लॉइडच्या १९६९ च्या 'उम्मागुम्मा' अल्बममधील वाद्यसामग्रीच्या छायाचित्राचे ते विडंबन होय. एकीकडे श्रीमंत रॉक बँडच्या साहित्यप्रदर्शनाची थट्टा, दुसरीकडे जी इमारत कोसळली नाही आणि पाडलीही गेली नाही अशी नाझी राजवटीची वास्तू. त्या शहरात काय पडत होते आणि काय टिकून होते, याचे इतके संक्षिप्त विधान त्या काळच्या छापील साधनांतही क्वचितच आढळेल.

अनुपस्थित कामगार

अल्बमच्या गौरवपर लेखनात एक बाब सहसा येत नाही. ड्रिल, हातोडा व ग्राइंडर ही कामगाराची हत्यारे आहेत. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी केलेल्या करारानंतर आलेल्या श्रमिकांची मोठी वस्ती क्रॉइत्सबेर्गच्या त्याच मोडकळीस आलेल्या घरांत होती. या संगीतात त्यांची हत्यारे आहेत, त्यांचा आवाज नाही. हत्यार कामावरून सुटते आणि कलावंताच्या हाती येते, तेव्हा ते वापरणारा माणूस नजरेआड होतो. बँडवर हा आरोप ठेवण्याचे कारण नाही. परंतु अल्बमला 'औद्योगिक' म्हणताना उद्योगातील माणूस त्यात कोठे आहे, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. तुलनेसाठी लंडनच्या 'टेस्ट डिपार्टमेंट' या बँडचे उदाहरण घेता येईल. त्यांनीही भंगार धातू वाजविला, पण १९८४-८५ च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपात दक्षिण वेल्समधील संपकरी कामगारांच्या गायकवृंदासह मुद्रिका काढली. तीच वाद्ये घेऊन दुसरा मार्ग शक्य होता.

वारसा

'कोलाप्स'चा प्रभाव दोन निरनिराळ्या वाटांनी पसरला. पहिली वाट सॅम्पलर यंत्राची. ब्रिटनच्या 'डिपेश मोड' या बँडमधील मार्टिन गोर यांनी नॉयबाउटेनचा कार्यक्रम पाहिला होता. १९८३ च्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' या अल्बमसाठी त्यांच्या बँडने लंडनमधील बांधकामांवरचे आवाज मुद्रित करून ते कळफलकावर बसविले. पुढल्या वर्षीचे त्यांचे 'पीपल आर पीपल' हे गीत पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. लोखंडावरचा आघात आता एका कळीत साठला होता. कोणालाही तो उचलावा लागत नव्हता आणि हाताला जखम होण्याचाही प्रश्न नव्हता. अमेरिकेतील 'नाइन इंच नेल्स'च्या १९८९ मधील पहिल्या अल्बमपर्यंत हे तंत्र रॉकच्या व्यवहारात पूर्ण मुरले. त्याच बँडचे ट्रेंट रेझनर यांच्या 'नथिंग रेकॉर्ड्स'ने १९९६ चा नॉयबाउटेनचा 'एंडे नॉय' हा अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध केला, हे ऋणाची पावती म्हणूनच पाहावे लागते.

दुसरी वाट कलासंस्थांची. ३ जानेवारी १९८४ रोजी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये बँडच्या काही सदस्यांनी काँक्रीट मिक्सर, करवती व ड्रिल घेऊन कार्यक्रम केला. रंगमंचाचे नुकसान होऊ लागताच सुमारे वीस मिनिटांत तो थांबविण्यात आला. २००७ मध्ये त्याच संस्थेने जो मिचेल या कलावतीकरवी त्या फसलेल्या कार्यक्रमाची पुनर्निर्मिती सादर केली. जे थांबविले त्याचीच प्रतिकृती संस्थेने मांडली, आणि या वेळी ती थांबविण्याची गरज पडणार नाही अशा बेताने. १९९० मध्ये बँडने हाइनर म्युलर यांच्या 'हॅम्लेटमशीन'च्या नभोनाट्यासाठी संगीत दिले. २०१४ मध्ये बेल्जियममधील डिक्समाउदे या नगराच्या निमंत्रणावरून पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त 'लामेन्ट' रचले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या नगराने स्मरणासाठी बोलावले ते नावातच कोसळणाऱ्या इमारती असलेल्या बँडला, आणि ती निवड अयोग्य ठरली नाही. 'लामेन्ट'मध्ये धातू आहे, पण कर्कशपणा मोजका आहे. १९८१ मध्ये नसलेली संयत दृष्टी येथे दिसते.

२००२ पासून बँडने रेकॉर्ड कंपनीला वगळून थेट श्रोत्यांच्या वर्गणीवर काम केले. समूहनिधीची संकेतस्थळे रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रयोग आर्थिक इतिहासाच्या अंगाने स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. काँग्रेसहाले १९८७ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण झाली व १९८९ पासून तेथे जागतिक संस्कृतींचे केंद्र चालते.

जानेवारी २०१७ मध्ये हॅम्बुर्ग येथे एल्बफिलहार्मोनी हे नवे संगीतगृह खुले झाले. वर्षानुवर्षे रखडलेल्या या बांधकामात नगराचा आरंभी जाहीर झालेला ७ कोटी ७० लाख युरोंचा वाटा वाढत वाढत ७८ कोटी ९० लाखांवर गेला होता. उद्घाटनानंतर दोन आठवड्यांच्या आत, २१ जानेवारीला, तेथील मोठ्या सभागृहात आइनस्टुर्त्सेन्डे नॉयबाउटेनचा कार्यक्रम झाला. रंगमंचावर धातूच्या वस्तू मांडलेल्या होत्या, आणि श्रोते आपापल्या क्रमांकाच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होते.